विझलेल्या दीपमाळांचा उतार

सांज इथे समुद्राकडून येते. दूर पश्चिमेला, न दिसणाऱ्या महासागरात सूर्य कलंडतो, आणि आँडीज पर्वताच्या या कोरड्या, ताम्रवर्णी, तहानेल्या कुशीवरून किरमिजी उजेडाचा एक हात हळुवार फिरतो. ढग नाही. पाखरू नाही. गवताची काडी नाही. आहेत ती फक्त झाडे.

झाडे तरी कसली म्हणायची! निवडुंगच ते. पण माणसाहून कितीतरी उंच, सरळसोट, एकखांबी. बुंध्यावर काटे, वीतभर लांब, धुरकट, असे दाट की बोट टेकवायला जागा नाही. आणि मग एका उंचीवर काटे एकाएकी सरतात. त्याच्या वर फुटतात हिरव्या, गुळगुळीत, लवलेल्या फांद्या, आईच्या दंडासारख्या निःशंक. देवळासमोरच्या दीपमाळाच जणू. कुणी उचलून या निर्देव उतारावर आणून ठेवलेल्या, आणि तेल घालायला विसरलेल्या.

ऋजुताला त्यांचे नाव ठाऊक होते. ब्राउनिंगिया. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात कधीतरी पाठ केलेले. काटे कुठवर, तर जनावराचे तोंड पोहोचते तिथवर. त्याच्या वर कोवळीक. तेव्हा ते उत्तर परीक्षेपुरते होते. आता, नवऱ्याच्या तांब्याच्या खाणीतल्या नोकरीपायी या परमुलखात येऊन पडल्यावर, ती खिडकीतून त्या बुंध्यांकडे बघे आणि पदरातल्या पोरीला आणखी जवळ ओढी.

कारण पहिली गेली होती.

पहिली गेली ती बारशाच्याही आधी. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जाळ्यात, पिसासारखी हलकी. ऋजुताने पेटीच्या खिडकीतून हात घालून, कुणी बघत नाही असे पाहून, तिच्या कानात नाव सांगितले होते. शरयू. बस, एवढेच बारसे. मग पेटी रिकामी झाली, आणि नाव तेवढे आईच्या तोंडात राहिले, न विरघळणाऱ्या खडीसाखरेसारखे.

दुसरी झाली तेव्हा पाळण्यात वाकून तिने तेच नाव ठेवले. नवरा, श्रीरंग, म्हणाला, "छान आहे." त्याला काय माहीत! कुणालाच माहीत नव्हते. पहिलीसाठी शिवलेले हळदी रंगाचे झबले दुसरीच्या अंगात आले, पहिलीचे नाव दुसरीच्या अंगावर आले, आणि दर घासाला, दर आंघोळीला, दर झोपेला ऋजुता एका हाकेत दोघींना बोलावत राहिली.

सासूबाई मात्र फोनवर अडून बसल्या होत्या.

"काय गं धोंडे, जेवलीस का?"

"आई, तिचं नाव शरयू आहे."

"असू दे की. कागदावर असू दे. मी आपली धोंडीच म्हणणार. एक गेलीय आपली, ऋजुता. दुसरीला गोड नावानं हाक मारू नये. गोड दिसलं की खाणारं येतं."

"तुम्ही पण ना, आई!" ऋजुता कपाळाला आठ्या घाली. एवढे शिकून हे ऐकायचे! पण पोर खुदकन हसे, आणि अंगणातला हाती लागेल तो दगड उचलून फोनसमोर नाचवी. "धोंदा! आजी, धोंदा!"

ते हसू गेल्या रविवारी थांबले.

झाडे बघायला म्हणून ते उतारावर गेले होते. ऊन पांढरे, सावल्या पायाशी गोळा. पोर एका बुंध्यापाशी उभी होती, मान वर करून. आणि धरणीने कूस बदलली. या देशात ती अधूनमधून बदलतेच. लोक हातातला कप घट्ट धरतात आणि थांबतात. पण उतारावर कप नव्हता. उतारावर होत्या त्या दीपमाळा. आणि वारा नसताना त्या साऱ्या एकदम, एका लयीत, नकाराची मान हलवावी तशा हलल्या.

पोर पडली नाही. रडली नाही. काटासुद्धा लागला नाही. ऋजुताने झडप घालून तिला उचलले, आणि उचलतानाच तिला वाटले, ही हलकी झाली. पिसासारखी.

तेव्हापासून शब्द नाही. भाताला तोंड उघडत नाही. खिडकीत बसते, उताराकडे बघते. आणि "शरयू" अशी हाक आली की वळत नाही. किंचित बाजूला सरते. जणू हाक मागच्या कुणाला आहे, आणि तिला वाट द्यायला हवी.

हे बाजूला सरणे फक्त ऋजुताने पाहिले.

शहरातल्या डॉक्टरांनी तपासले. अंगाला काही नाही, भ्याली आहे, वेळ द्या, म्हणाले. घरमालकीण युसेबिया मात्र दारात उभी राहून पोरीला निरखत राहिली. ऋजुताच्या मोडक्या स्पॅनिशला पुरेल अशा सावकाश शब्दांत ती बोलली.

"जीव वर उतारावर राहिलाय हिचा. लहान पोरांचा जीव सैल असतो, बाई. धक्का बसला की सांडतो. हिच्या अंगातलं काहीतरी घेऊन जा, दिवस मावळताना हाक मार. नावानं मार हं, लाडानं नको. आणि परत येताना मागं बघू नकोस."

"खरंच येतो?"

"माझा आला होता म्हणे. नवरा म्हणायचा, अर्धाच आला." ती हसली, मग पोरीकडे पाहून हसू आवरले. "जा. माझी आई जायची. आई लोकांनी जायचं असतं."

म्हणून ही सांज. श्रीरंग पोरीला घेऊन खाली गाडीत बसलेला. त्याने थट्टा केली नाही, हे त्याचे मोठेपण. आणि ऋजुता चढत होती, हातात हळदी झबले, दुसऱ्या मुठीत पोरीचा त्या दिवशीचा पायमोजा, अजून उतारावरची वाळू पोटात धरून बसलेला.

तीच दीपमाळ. तोच बुंधा. ती थांबली, तसा उजेडही थांबला.

आजूबाजूला एकही रोप नव्हते. साऱ्या जुन्या, साऱ्या एकट्या. पाऊस नाही तर बी रुजत नाही. एवढा मोठा उतार, आणि त्यावर एकही पोर नाही. हे तिला आज दिसले.

तिने झबले दोन्ही हातांनी समोर धरले.

"शरयू..."

हाक गेली. किरमिजी उतारावरून घरंगळत गेली, दरीत उतरली, आणि परतली नाही. झबल्यात वारा शिरला. शिरला तो बाहेर आलाच नाही. हळूहळू झबले भरले; इवले खांदे आले, इवली पाठ आली, रिकाम्या बाह्या किंचित उचलल्या गेल्या, घे म्हणणाऱ्या हातांसारख्या.

आणि ऋजुताला कळले की कोण आले आहे.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. फुटला तो पान्हा. उराच्या तळातून, इतक्या काळानंतर, उष्ण, आंधळा, अनावर. ये गं. ये माझ्या राणी. किती दिवस झाले. रोज हाक मारली, रोज ताट वाढले, रोज दुसरीच्या अंगात तुला न्हाऊ घातले. तू गेलीसच कुठे? मीच जाऊ दिले नाही.

मीच जाऊ दिले नाही.

खाली, वळणावर, गाडीच्या काचेला एक चेहरा चिकटलेला होता. लहान, फिका, मुका. तो चेहरा किंचित बाजूला सरला. वाट देत.

आणि तेव्हा ऋजुताच्या तोंडून हुंदका फुटला. एका नावात दोघी मावत नाहीत. एका झबल्यात दोघी मावत नाहीत. मोठी आत आली तर धाकटी कुठे जाईल? या उतारावर? या निपुत्रिक दीपमाळांमध्ये?

तिने झबले बुंध्याला पांघरले. काट्यांनी ते अलगद धरले. एवढे तीक्ष्ण काटे, पण सूतसुद्धा उसवले नाही. वारा आतच होता.

"हे तुझं," ती म्हणाली. "नावही तुझं. तुझंच होतं, बाळा. झोप आता."

मग तिने पायमोजा उराशी धरला, उताराकडे पाठ केली, आणि खेडवळ, खरबरीत, खणखणीत आवाजात, सासूबाईंच्या आवाजात, हाक मारली. बुंध्यावरल्या काट्यासारखी हाक, कुठल्याही तोंडाला न रुचणारी.

"ए धोंडे! चल घरी. धोंडे, चल!"

ती उतरू लागली. मागे काहीतरी हलके निसटले, वाळूवरून दुडदुडले, की नुसतेच दगड घरंगळले? तिने मागे पाहिले नाही. मानेवर थंडी उभी राहिली, तरी नाही. मागून एक अतिमंद सुगंध आला, दुधासारखा, तरीही नाही.

गाडीत बसून तिने वाळूभरला मोजा पोरीच्या पायात चढवला. पोर त्याकडे बघत राहिली. मग आईकडे. मग वाळू बोचली म्हणून तोंड वाकडे केले.

"तोचतंय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आई, भात."

श्रीरंगचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"ऋजू, धोंडी म्हणालीस तू? वर?"

"हो. ही धोंडी. शरयू मोठीचं नाव आहे."

मोठी. हा शब्द त्या दोघांत आजवर कुणी उच्चारला नव्हता. त्याने फक्त गाडीचे दिवे लावले नाहीत. वर अजून थोडा उजेड होता, तो राहू दिला.

आणि वर, काटे सरतात तिथे, लवलेल्या हिरव्या दंडांच्या टोकांवर पांढऱ्या कळ्या उकलू लागल्या होत्या. एक. मग दुसरी. ज्योतीसारख्या निःशब्द. खाली काट्यांच्या कुशीत हळदी रंगाचे झबले वाऱ्याने भरत होते, रिते होत होते. भरत होते, रिते होत होते, झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखे.