निघणाऱ्यांसाठी बाक

संपतनानांनी आयुष्यात जे काही केलं ते लोकांनी सांगितलं म्हणून केलं. पलंग सांगितला, पलंग केला. देव्हारा सांगितला, देव्हारा केला. चाळीस वर्षांच्या सुतारकामात स्वतःच्या डोक्यातून काही काढायची वेळच आली नव्हती. ती आता, मिशा पांढऱ्या झाल्यावर, गोरखमुळे आली.

गोरख शेजारचाच. मंचरच्या बाहेर हायवेला त्याचं रेस्टॉरंट उभं राहत होतं. भिंती झाल्या होत्या, आतलं सगळं बाकी होतं.

"नाना, काम तुमचंच," तो म्हणाला. "पण एक तरी गोष्ट अशी पायजे, जी कुठंच न्हाई. रविवारी संध्याकाळपर्यंत सुचली तर तुमी. न्हाईतर सोमवारी पुण्याचा माणूस येतोय, त्याला देऊन टाकतो."

सुचावं म्हणून त्यानं रविवारचा अभ्यास दौराच काढला. बोलेरो चालवायला तो, शेजारी इंटिरियरचा कोर्स केलेली त्याची चुलत बहीण वृषाली, आणि मागच्या सीटवर खिशात टेप आणि मांडीवर वही घेऊन बसलेले नाना.

नारायणगावजवळच्या पहिल्या बारमध्ये सकाळी अकरा वाजता इतका अंधार होता की वेटरच टेबलाला धडकत होता.

"याला मूड लायटिंग म्हणतात," वृषाली म्हणाली.

नानांनी टेबलाची रुंदी घ्यायला टेप ओढला. तो बराच लांब गेला. टेबलाचं टोक मऊ लागलं.

"ओ पावणं, काय चाललंय?" अंधारातून आवाज आला.

"टेबल मोजतोय."

"ती मांडी हाय माजी!"

नानांनी इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी त्या माणसालाच वाईट वाटलं आणि त्यानं शेंगदाण्यांची बशी पुढं सरकवली. बाहेर पडताना गोरखला दारातच शाळेतला मित्र भेटला. वीस मिनिटं गेली. नाना आत येणाऱ्यांना वाट देत भिंतीला चिकटून उभे राहिले.

आळेफाट्याच्या हॉटेलात दाराशी सिमेंटचा बिबट्या होता, त्याच्या तोंडात लाल दिवा. उसात खरा बिबट्या बघून दमलेल्या माणसानं जेवायला येऊनही बिबट्याच बघायचा का, असं नानांच्या मनात आलं. पण बोलायची छाती झाली नाही. न जाणो, शिकलेली माणसं असंच करत असतील. तिथंही निघताना गोरखचा मामेभाऊ भेटला. बिबट्याच्या शेपटीशी अर्धा तास गेला. वहीचं पान कोरंच राहिलं.

तिसरं हॉटेल आणे पठारावर, भिकाशेठचं. झाडाखाली टेबलं, मागं घर. गाडी थांबताच भिकाशेठ स्वतः पळत आले. टोपी कोरी करकरीत होती.

"या, या! वाट बघत व्हतो."

गोरखला वाटलं, काय ही सर्व्हिस! तिघांना थेट घरातल्या सोफ्यावर बसवलं. ठकूबाई, भिकाशेठची बायको, न मागता पोहे घेऊन आल्या. पाठोपाठ इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा येऊन समोर बसला. त्याचं नाव सूरज.

"पाण्याची सोय काय?" गोरखनं धंद्याचं विचारलं.

"बोअर हाय. बारमाही!"

"इथे बार नाही का?" वृषालीनं सूरजला विचारलं.

सूरजला घाम फुटला. "न्हाई, न्हाई! मी हातबी लावत न्हाई. सुपारीसुदीक न्हाई. आईला इचारा."

तोवर नाना घराचं दार मोजू लागले होते. भिकाशेठ शेजारी येऊन हळूच म्हणाले, "मोठं कपाट जाईल, काळजी नगं. पण आमाला काय बी नको हो. पोरगी तेवढी द्या."

नानांच्या हातातला टेप सटकन आत गेला. आपण कशासाठी आलो आहोत हे भिकाशेठना सांगावं, की वृषाली देऊन टाकणं जास्त सोपं पडेल, हे त्यांना क्षणभर ठरवता येईना. तेवढ्यात बाहेर दुसरी गाडी थांबली. सूरजला बघायला येणारे ओतूरकडचे खरे पाहुणे आले होते.

भिकाशेठ कपाळावर हात मारून बसले. हसून हसून वृषालीला ठसका लागला. आणि घाम पुसत सूरजही हसला.

"चला, निघतो आमी," गोरख म्हणाला.

निघणारे दारात, येणारे दारात. ओतूरच्या मावशींचं माहेर गोरखच्या आत्याच्या गावचं निघालं. मग आत्याची तब्येत, आत्याची सून, सुनेची म्हैस. कुणाला आत जाता येईना, कुणाला बाहेर. नानांचे गुडघे बोलू लागले. ते दाराशेजारच्या कांद्याच्या गोणीवर टेकले, आणि टेकताक्षणी त्यांनी वही उघडली.

परतीच्या वाटेवर नानांनी चित्र पुढं केलं. कान लाल झाले होते. "बाक हाय. दाराच्या दोन्ही बाजूंना. वर पत्रा, हाताशी बडीशेप."

"जेवायला येणाऱ्यांसाठी?"

"नाय. निघणाऱ्यांसाठी."

गोरखनं गाडीचा वेग कमी केला. "नाना, निघायला बसायचं कशाला? निघणारा माणूस निघतो की!"

नानांनी वही मिटली. चूक आपलीच असणार.

घर आलं. गोरख नानांना सोडायला दारापर्यंत आला. "चला नाना, निघतो. पुण्याच्या माणसाला फोन करायचाय." मग त्याला स्लॅब आठवला. स्लॅबवरून गवंडी आठवला. तो एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, मग चौकटीला टेकून बोलत राहिला. गाडीतून वृषाली ओरडली, "दादा, पस्तीस मिनिटं!"

"आलोच," म्हणत गोरख दाराशी ठेवलेल्या सागाच्या फळीवर बसला आणि गवंड्याच्या मेव्हण्याच्या गोष्टीकडं वळला.

 नानांनी हळूच टेप काढला आणि फळीवर गोरख मावतो तेवढी जागा मोजली.

गोरखनं टेपकडं बघितलं. मग फळीकडं. मग स्वतःकडं.

"किती?" त्यानं विचारलं.

"दीड फूट."

"दोन धरा," गोरख म्हणाला. "आमचं मामा बी बसणार, ते माज्यापेक्षा रुंद हायत. आन् पाठीला टेकू द्या राव. आता त्या गवंड्याचं आयका..."