दोन शहरं, दोन जावा आणि माझा करपलेला तळ

आधी नफ्याचं बोलू. या सहलीतून मुलुंडच्या जयंतीला मिळण्यासारखी गोष्ट एकच होती: स्वतःच्या मुलाचं लग्न स्वतःच्या मनासारखं करायचा हक्क. तुम्ही म्हणाल, तो तर आईला असतोच. मित्रांनो, तुम्ही तिची जाऊ पाहिलेली नाही.

मी एक जुना, लहानसा, विजेवर चालणारा भाताचा कुकर आहे. कारखान्यात मला पत्र्यातून दाबून गोल केलं, आत काळा गुळगुळीत लेप दिला आणि पुढे एक खटका बसवला. भांड्यातलं पाणी आटलं की तो खटका आपोआप वर उडतो आणि मी थंड होतो. वेळेवर थांबणं हा माझा जन्मजात गुण. माणसांत तो क्वचितच दिसतो.

जयंतीचा मुलगा धवल शिकायला बाहेरगावी राहिला, तेव्हा मी त्याच्यासोबत होतो. वसतिगृहात माझी केवढी वाहवा व्हायची! मुलं रांगेत ताटल्या घेऊन उभी राहत. पुढे धवल घरी परतला आणि मी मुलुंडच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेलो. खाली शेगडीवर मोठा प्रेशर कुकर दिमाखात शिट्ट्या मारायचा. मी विजेवर तापतो खरा, पण जळतो दुसऱ्या भांड्यांवर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही सावध राहाल.

तर जाऊ. तिचं नाव शर्मिष्ठा, राहणार बोरिवली. धाकट्या दिराची, यज्ञेशची बायको. चांगल्या गोष्टी पटकन ओळखणारी आणि त्याहून पटकन ताब्यात घेणारी. धवलचं गंधालीशी लग्न ठरलं आणि आठवड्याच्या आत शर्मिष्ठाने बोरिवलीतला हॉल पाहिला, आचाऱ्याशी बोलली, साड्यांचे रंगही ठरवले.

"वहिनी, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. मी आहे ना!"

"तू आहेस, तेच तर टेन्शन आहे गं," जयंती म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही.

त्याच सुमारास दोघे भाऊ, श्यामकांत आणि यज्ञेश, बायकांना घेऊन युरोपला निघाले होते. शहरं दोन, व्हिएन्ना आणि प्राग. हॉटेल कोण शोधणार यावरून पुन्हा जुंपली, तेव्हा धवलच वैतागला.

"असं करा. व्हिएन्ना काकूचं, प्राग आईचं. हॉटेल, जेवण, वातावरण, तिन्हीला बाबा आणि काका गुण देतील. जिचं शहर भारी, तिच्या हातात माझं लग्न. मला फक्त शांतता द्या यार!"

तो गंमत करत होता. दोघी जावांनी मात्र ती गंमत मानली नाही.

श्यामकांतला बाहेरचं अन्न सोसत नाही, म्हणून मला फळीवरून काढून बॅगेत घातलं. माझ्या पोटात तांदूळ, मेतकूट, लसूण, सुक्या मिरच्या आणि तेलाची छोटी बाटली भरली होती.

व्हिएन्नाचं हॉटेल पाहून माझ्या मालकिणीचा चेहरा पडला. छत एवढं उंच की मुलुंडच्या घराचे दोन मजले आत बसावेत. गाद्या लोण्यासारख्या. शर्मिष्ठाने खोलीत पाऊल टाकताच मला पाहिलं.

"अय्या वहिनी, हा डबा इथे काढू नका हं. इज्जतीचा प्रश्न आहे."

डबा! मित्रांनो, मला डबा म्हणाली ती.

सकाळी न्याहारीला चीजचे किती प्रकार, मधाचं पोळं जसंच्या तसं टांगलेलं, आणि अंडी उकडायला एक चकचकीत यंत्र. हे सारं मला श्यामकांतच्या तोंडून खोलीत कळलं. त्या यंत्राचं वर्णन ऐकताना माझा खटका आतल्या आत तडफडला. दुपारी कॉफीच्या जुन्या दुकानात चांदीच्या तबकात कॉफी आली, शेजारी पाण्याचा पेला. वेटर म्हणे मंत्र्यासारखा दिसत होता.

"कसं वाटलं, वहिनी?"

"ठीक आहे. कॉफी जरा कडू होती."

खरं तर तिने दोन कप प्यायले होते आणि सफरचंदाची पोळी शेवटच्या चुऱ्यापर्यंत संपवली होती. रात्री आरशापुढे केस विंचरताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हिला हे सगळं कळतं कुठून? आपल्याला का नाही कळत?" श्यामकांत घोरत होता. मी जागा होतो. मला त्या प्रश्नाचा अर्थ नीट कळला, कारण चकचकीत यंत्राबद्दल मी हेच विचारत होतो.

मग आलं प्राग.

जयंतीने हॉटेल एका फोटोवर भाळून घेतलं होतं. खिडकीतून लाल कौलं आणि पलीकडे नदी. फोटो खोटा नव्हता. पण ती खिडकी सगळ्यात वरच्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बॅगा वर चढवताना यज्ञेशने तीनदा बसून घेतलं. "वहिनी, हॉटेलचे गुण मी आत्ताच दिले तर चालतील का? नंतर हात उचलणार नाही माझा."

पुलावर वाद्यं वाजत होती, जुन्या घड्याळापुढे माणसं माना वर करून उभी होती. वातावरणात प्रागने बाजी मारली, दोघा भावांनी ते कबूल केलं. हॉटेलात व्हिएन्ना पुढे. आता सारा निकाल जेवणावर आला, आणि इथे जेवण म्हणजे मांसाचा घट्ट रस्सा आणि उकडलेल्या पिठाचे गोळे. शर्मिष्ठा मांस खात नाही. गोळा काट्याने टोचत ती म्हणाली, "छान आहे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या संध्याकाळी भाऊ नदीकाठी फिरायला गेले. जयंतीने दार लावलं आणि मला मेजावर ठेवलं. पाणी उकळलं, तांदूळ फुलले, वास दाराखालून बाहेर गेला. थोड्याच वेळात टकटक झाली.

"वहिनी... मेतकूट आहे का गं?" शर्मिष्ठा पहिल्यांदा तिला 'गं' म्हणाली.

"आहे. पण इज्जतीचा प्रश्न आहे ना?"

"इज्जत गेली खड्ड्यात. वाढ."

ती मऊ भात हाताने खात होती. दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. मी फुलून गेलो होतो. चांदीचं तबक कुठे, मी कुठे!

"मग जेवणाचे गुण प्रागला," जयंती म्हणाली.

"हे कसलं प्रागचं? हे मुलुंडचं जेवण!"

"शिजलं कुठे? पाणी कुठलं?"

दोघी पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर शर्मिष्ठा ताटलीकडे बघत म्हणाली, "मी सगळ्यात नाक खुपसते, मला माहितीय. पण वहिनी, आम्हाला मूल नाही. माझ्या दाराशी मांडव कधी पडणार नाही. धवलचंच काय ते."

जयंतीने तिच्या ताटलीत आणखी भात घातला.

मित्रांनो, इथे थांबायला हवं होतं. पण शर्मिष्ठा म्हणाली, "वरून लसणीची फोडणी असती ना, तर झकास!" जयंती नको म्हणत होती. शर्मिष्ठाने मला पुसून तेल घातलं, लसूण आणि मिरच्या टाकल्या. पाणी नाही म्हणून माझा खटका लगेच वर उडाला. मी सांगत होतो, थांबा! तिने तो अंगठ्याने दाबून धरला. पुन्हा उडाला, पुन्हा दाबला. माझा तळ लाल झाला, मिरच्या काळ्या पडल्या, धूर छताला लागला आणि अख्ख्या इमारतीत घंटा किंचाळायला लागली.

सगळे पाहुणे रस्त्यावर. कुणी टॉवेलवर, कुणी अनवाणी, आणि सगळे खोकत. जयंतीने मला चादरीत गुंडाळून कडेवर घेतलं होतं. दोघे भाऊ धावत आले. हॉटेलचा मालक लालबुंद होऊन विचारत होता, हे केलं कुणी?

शर्मिष्ठाचा चेहरा पांढरा पडला. यज्ञेश पंच म्हणून उभा होता. जयंतीने फक्त खरं बोलायचं होतं. "हिने केलं," एवढे दोन शब्द, की शर्मिष्ठा बाद आणि लग्न जयंतीचं. चादरीत मी धगधगत होतो. माझा तळ जाळणाऱ्या बाईचं नाव तिने घ्यावं, असं मला मनापासून वाटत होतं. सांग, जयंती, सांग!

"मी केलं," जयंती म्हणाली. "माझी खोली, माझा कुकर."

"अहो वहिनी, तुम्ही!" यज्ञेश कपाळाला हात लावून म्हणाला. "मग तर प्राग गेलंच."

"गेलं," ती म्हणाली.

शर्मिष्ठाने तोंड उघडलं होतं. जयंतीने तिच्याकडे पाहिलं आणि ते मिटलं.

लग्न बोरिवलीत झालं, शर्मिष्ठाने निवडलेल्या हॉलमध्ये, तिने ठरवलेल्या रंगांत. जो तो तिची वाहवा करत होता. जयंती हसून ऐकत होती, पण मी तिला ओळखतो. तिच्या गालाखाली एक शीर उडत होती, व्हिएन्नाच्या आरशापुढे उडाली होती तशीच. स्वतःहून सोडून दिलं म्हणून जळणं थांबत नाही. श्यामकांतच्या पोटासाठी मला वरपक्षाच्या खोलीत आणून ठेवलं होतं, म्हणून हे सारं मी पाहिलं.

गंधालीची आई वरमायेचे पाय धुवायला आली. पाट मांडला. शर्मिष्ठा भिंतीशी सरकली, पदर हातात धरून. इतका वेळ सगळीकडे पुढे असणारी बाई एकाएकी पाहुणी झाली होती.

जयंती पाटावर बसली नाही. "विहीणबाई, आणखी एक पाट मांडता का? आमच्याकडे वरमाया दोन आहेत."

खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शर्मिष्ठा म्हणाली, "वहिनी, काय हे, असं नसतं."

"बस गं. किती भाव खाशील?"

दोघींचे पाय एका परातीत धुतले गेले. शर्मिष्ठा सगळा वेळ खाली पाहत होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं भांडं फळीवर बसलेलं असेल. त्याचा खटका उडाला की त्याला थांबू द्या. जबरदस्तीने दाबून धरू नका. आमचं काम आम्हाला कळतं. माझ्यात भात आता तळाला चिकटतो, आणि कोपऱ्यातल्या नव्या कुकरकडे पाहिलं की अजूनही माझ्या पोटात दुखतं.

शेवटचा हिशेब सांगतो. धुराच्या सफाईचे पैसे यज्ञेशने भरले, आणि तो विसरूनही गेला. माझा लेप गेला, तो मी भरला. शर्मिष्ठाला हॉल मिळाला, रंग मिळाले, वाहवा मिळाली, आणि शेवटी वरमायेचा पाटही मिळाला. त्या सगळ्याची किंमत जयंतीने मोजली. तिच्याकडे मुलगा एकच होता, त्यामुळे लग्नही एकच होतं.