पात्याखालचा उजेड

ओसरीत टण् असा आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. चटईवरच्या खुशबूने कूस बदलली नि ती पुन्हा झोपली. मित्रांनो, तो आवाज माझाच होता. हर्षाने मला परातीवर ठेवलं. एरवी ती मला मऊ फडक्यावर ठेवते, पण उद्या तिची परीक्षा आहे, आज तिचं लक्ष ठिकाणावर नाही.

मी एक जुना गुण्या आहे. सुताराचा नव्हे, फिटरचा, सगळा पोलादाचा. मला दोनच हात. एक जाड, दुसरा म्हणजे पातळ पातं, आणि दोघांच्या मध्ये काटकोन. मला तापवलं, तेलात बुडवलं, घासलं, आणि माझा कोपरा केसभरही चुकत नाही अशी खात्री पटली तेव्हाच कामावर पाठवलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. कानशीने घासलेल्या लोखंडी तुकड्यावर मला टेकवायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. पात्याखालून उजेड दिसला तर तुकडा नापास. दिसला नाही तर पास. फट केसाहून बारीक असली तरी उजेड तिच्यातून वाट काढतोच. इतकी वर्षं झाली, मला अजून त्याचं नवल वाटतं.

माझे मालक तुलाराम सर. तालुक्याच्या गावी, प्रशिक्षण संस्थेत ते फिटरचं काम शिकवायचे. त्यांच्या हाताखालची पोरं खाणीत लागली, रेल्वेत लागली. दिवाळीला भेटायला आली की सरांच्या पाया पडायची आणि मग मला हातात घेऊन उगाच उजेडाकडे धरायची. पुढे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी बरीच वर्षं कोणी आलंच नाही. वर्कशॉपला कुलूप, आणि मी सरांच्या घरी पत्र्याच्या पेटीत. माझ्या पात्यावर तांबडे ठिपके आले. सरळ काय नि वाकडं काय, आता कोणाला पडलंय, असं मनात यायचं.

पण मित्रांनो, तेव्हा बाहेर एक अजब गोष्ट घडत होती. लांबच्या शहरांत कारखाने वाढत होते आणि म्हणत होते, काम येणारे हात मिळत नाहीत. इकडे हर्षाच्या नाकाडोंगरीसारख्या गावांत हात होते आणि ते म्हणत होते, काम मिळत नाही. या दोघांची गाठ घालायला सरकारने योजना काढली. सहा महिन्यांचा वर्ग, त्यात बायांसाठी जागा, शिकताना विद्यावेतन, आणि परीक्षेत पास झालं की पुण्याकडच्या एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवारी. शिकवायला माणूस मिळेना, म्हणून सरांनाच मानधनावर परत बोलावलं. सरांनी पेटी उघडली, माझे ठिपके घासून काढले, तेलाचा हात फिरवला. मला नव्याने जन्मल्यासारखं वाटलं.

त्या वर्गात हर्षा आली. तिचा नवरा प्रफुल्ल खाणीत रोजंदारीवर आणि मुलगी खुशबू चार वर्षांची. हर्षाचा तुकडा रोज नापास व्हायचा, आणि गंमत म्हणजे उजेड नेहमी एकाच बाजूने दिसायचा. सरांनी दोन दिवस तुकड्याकडे नाही, तिच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कडेवर लेकरू घेऊन उभी राहतेस ना, तशीच इथं उभी राहून राहिली तू. सारा भार डाव्या अंगावर. मंग कानस एकीकडेच झुकन नाही तं काय?"

वर्ग हसला. हर्षाही हसली. पण चार वर्षं खुशबूला तिने त्याच कडेवर वाढवलं होतं. त्या दिवसापासून तिने तिला कडेवर घेणं बंद केलं. खुशबू दोन्ही हात वर करायची आणि हर्षा तिचं बोट धरायची. तुले कडेवर घेतलं का माझ्या लोखंडात उजेड दिसते, असं तिला समजावायची.

सरांनी मला तिच्याजवळ सरावाला दिलं. प्रफुल्लने ओसरीतल्या बाकाला जुना शिकंजा बसवून दिला, तुकडा घट्ट धरायला. हर्षाची सासू आनंदाबाई आधी साऱ्या गावाला सांगत सुटली, "धानाच्या रोवण्याले बाया भेटून नाही राहिल्या, अन् आमची सून भांडे घासाचे सोडून लोखंड घासून राहिली." मग एकदा तिने स्वतःच मला तुकड्यावर टेकवून दाराकडे धरलं. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान रोवताना शेजारणीला सांगून आली म्हणे, "आमच्या सुनेच्या लोखंडातून उजेडही जात नाही वं."

आज आनंदाबाई रोवण्यावर आहे. हर्षाने सरावाचा शेवटचा तुकडा घासला, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. मला टेकवलं, खिडकीकडे धरलं. काळोख. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघसुद्धा नाही. मी थक्क झालो. एवढं मोठं सरकार, त्याचे एवढे कागद, कितीतरी कारखान्यांची मागणी, आणि ते सगळं शेवटी येऊन टेकतं माझ्या पात्याखाली, धान रोवणाऱ्या या दोन हातांपाशी. उद्या असाच तुकडा झाला तर ती वर्षभर पुण्याकडे जाईल. खुशबू आजीजवळ राहील.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं हत्यार असेल तर त्याला पेटीत गंजू देऊ नका. पुसा, तेल लावा, कोणाच्या तरी हातात द्या. आणि कोणाचं काम अगदी सरळ उतरलेलं दिसलं, तर त्यासाठी त्याने कडेवरचं काय खाली ठेवलं, तेही एकदा विचारा.

खुशबू उठली. डोळे चोळत आली, मला परातीवरून उचलून आईच्या हातात दिलं आणि दोन्ही हात वर केले.

"आई, आज मले कडेवर घेतलं, तं उद्या उजेड दिसन ना? मंग तुले जा लागणार नाही ना?"

माझ्या पात्यावरून फिरणारं हर्षाचं बोट तिथंच थांबलं.