तीनशे वाटांचा मोह

चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात बिभीषणराव विजेचे काम सांभाळीत. त्या कारखान्यात वॉट हा शब्द कोणी शुद्ध उच्चारीत नसे. साठ वाटचा दिवा, हजार वाटचा हीटर, अशीच तेथली परिभाषा. बिभीषणरावांच्या कानांना तिची एवढी सवय जडली होती की ‘वाट’ म्हटले की त्यांच्या मनात आधी वीज येई आणि रस्ता मागाहून.

पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांना सायकलीचे वेड लागले, आणि तेही डांबरी सडकेचे नव्हे. कुंभारी गावाच्या पलीकडे शेतांमधून मुरमाचे रस्ते गेले आहेत. दर हिवाळ्यात तेथे हौशी मंडळींची शर्यत भरते. मध्यान्हापूर्वी जो परतेल तो उत्तीर्ण. जो रेंगाळेल त्याला मागून येणारा टेम्पो सायकलीसकट उचलून आणतो. गेल्या वर्षी बिभीषणराव टेम्पोतून आले. त्यांचा मेहुणा सयाजी मात्र वेळेत पोहोचला, आणि तेव्हापासून प्रत्येक मंगलकार्यात तो त्यांची ओळख ‘आमचे टेम्पोवाले दाजी’ अशी करून देऊ लागला. मंडळी हसत, बिभीषणरावही हसत. परंतु एका साखरपुड्याच्या पंक्तीत त्यांच्या पत्नी सुकन्याबाई पानाकडे पाहत हळूच हसल्या, ते त्यांच्या जिव्हारी लागले. यंदा आपल्याच चाकांवर परतायचे, एवढाच त्यांचा संकल्प होता.

संकल्पाला साधन हवे, म्हणून त्यांनी पायांची शक्ती मोजणारे यंत्र सायकलीला बसविले. पायडल दाबताच हँडलवरच्या पडद्यावर वॉटचा आकडा उमटे. रोज सायंकाळी हातपाय धुऊन ते परदेशातील व्यावसायिक शर्यतपटूंच्या चित्रफिती पाहत बसत. खडीच्या रस्त्यांवर ते वीर पाच-पाच तास तीनशे वॉट राखीत. स्तोत्र ऐकावे तशा श्रद्धेने बिभीषणराव तो आकडा ऐकत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सयाजी मुद्दाम घरी आला.

“दाजी, तुमचा वाट किती हाय ओ?”

“तासभर एकशे ऐंशी निघतो.”

“आन् त्या टीव्हीतल्या गोऱ्यांचा?”

“तीनशे. पाच तास.”

“मग झालं की. टेम्पोवाल्याला सांगून ठिवतो, पुढची सीट मोकळी ठेव म्हणून.”

बिभीषणरावांनी चहाची बशी खाली ठेवली. “उद्या मी अडीचशेच्या खाली उतरणार नाही.”

सुकन्याबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, “कंपनीतली तीन हॉर्सपॉवरची मोटर पाचच्या लोडवर चालवता का तुम्ही?”

“मोटर वेगळी, माणूस वेगळा. माणसाला जिद्द असते.”

“आणि मोटरीला अक्कल असते. ती ट्रिप होऊन गप बसते.”

सयाजी एवढा हसला की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी दिवस उजाडता उजाडता शर्यत सुटली. दोन्ही अंगांना शाळू उभा होता, कणसांत दाणा भरत होता. बिभीषणरावांनी पडद्यावर दृष्टी स्थिर केली आणि अडीचशेचा आकडा पकडला. पहिल्या चढावर त्यांनी सयाजीला मागे टाकले. तोही इरेला पेटून त्यांच्या पाठीस लागला. पाच-दहा मिनिटांतच मात्र बिभीषणरावांच्या मांड्या जड झाल्या. आकडा अडीचशेवरून घसरू लागला. सयाजी शेजारून पुढे सरकला.

“येतो दाजी. टेम्पो मागंच हाय.”

आता तर पडद्यावरून डोळा काढायचा नाही, असा निश्चय करून बिभीषणराव खाली मान घालून पायडल दाबू लागले. पुढे ओढ्याजवळ चंद्रव्वा नावाची एक वृद्ध मेंढपाळीण आपली मेंढरे घेऊन उभी होती. तेथे रस्त्याची एक कड घट्ट मुरमाची होती आणि दुसरी भुसभुशीत वाळूची. तिने काठी उंचावून हाक दिली.

“आरं दादा, वाट बग. वाट बग की.”

बिभीषणरावांना धन्य वाटले. रानातली म्हातारीसुद्धा हे शास्त्र जाणते, अशा कौतुकाने त्यांनी आकड्यावर डोळे अधिकच रोखले. आणि पुढचे चाक वाळूत रुतून ते सायकलीसह मेंढरांच्या मध्ये आडवे झाले.

चंद्रव्वा जवळ आली. “वाट बग म्हनलं न्हवं म्या?”

“बघतच होतो की आजी. दोनशे दहा होता.”

“काय दोनशे दहा?”

“वाट.”

तिने मागे पाहिले, पुढे पाहिले. “हितं एकच हाय बाबा. ती बी तुला घावली न्हाय.”

बिभीषणरावांना हसू फुटले. वाळूत बसूनच ते पोटभर हसले, पाणी प्याले, आणि हसता हसता विचारात पडले. दोनशे दहा वॉट ओतूनही वाळूत चाक जागचे हलले नव्हते, आणि दोन हातांवर बैलगाडीच्या चाकोरीने घट्ट झालेली वाट मोकळी पडली होती. शिवाय त्याच चित्रफितीत आणखी एक वाक्य होते: तो वीर तासभर चारशे पेलतो, म्हणूनच तीनशेवर पाच तास टिकतो. ते त्यांनी ऐकले होते. लक्षात मात्र तीनशेच ठेवले होते. कारखान्यात मोटर सुरू करण्यापूर्वी ते तिची क्षमता सांगणारी नेमप्लेट वाचत. स्वतःच्या पायांवर त्यांनी दुसऱ्याची नेमप्लेट ठोकली होती. त्या वीराकडून घ्यायचा होता तो आकडा नव्हे, चारशेतला तीनशे हा पाऊण हिस्सा. एकशे ऐंशीचा पाऊण हिस्सा म्हणजे एकशे पस्तीस.

चंद्रव्वाला नमस्कार करून ते निघाले. चढावर आकडा थोडा वाढू द्यायचा, उतारावर पाय सोडून द्यायचे, आणि एरवी एकशे पस्तीस राखून नजर चाकोरीवर ठेवायची. वेग मंद वाटला, तरी तो तुटेना. हळूहळू दम जागेवर आला. मागचा टेम्पो जवळ येई आणि पुन्हा कोणाला तरी उचलण्यासाठी थांबे.

परतीच्या टप्प्यात एका बाभळीखाली सयाजी पाय लांब करून बसलेला दिसला. सकाळी दाजींना गाठण्यात त्याने सारे बळ खर्चिले होते. आता पोटरीत गोळा आला होता. बिभीषणराव उतरले. वेळ फार थोडा उरला होता, तरी त्यांनी त्याच्या पायाचा अंगठा वर दाबून धरला आणि गोळा सुटेपर्यंत सोडला नाही.

“जावा दाजी,” सयाजी कण्हत म्हणाला, “माझी गाडी येतीया मागनं.”

“पुढची सीट माग,” बिभीषणराव म्हणाले आणि सायकलीवर बसले.

कुंभारीच्या कमानीपाशी शर्यतीची वेळ मोजणारा माणूस शेवटची दोरी गुंडाळायला हात घालतच होता, एवढ्यात ते आत शिरले. सुकन्याबाई गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरले.

“उतरा आता.”

“थांब जरा,” बिभीषणराव म्हणाले. “एवढ्यात नको. यंदा आपल्याच चाकांवर आलोय, बसू दे.”

बांधावर कोणी शेण्यांच्या निखाऱ्यांवर हुरडा भाजत होते. सुकन्याबाईंनी पदराच्या टोकात गरम हुरडा आणला, त्यावर शेंगदाण्याची चटणी घातली, आणि नवरा सायकलीवर बसूनच एकेक घास खात राहिला.