कढीपत्त्यामागची जास्वंद

आमच्या मंडळाने त्या वर्षी पाडव्याच्या कॅलेंडरसाठी फोटोस्पर्धा काढली आणि विषय ठेवला, ‘परदेशातलं आपलं अंगण’. कमिटीतले अकराच्या अकरा लोक टॉवरमध्ये राहणारे! कुणी अल मजाजला नवव्या मजल्यावर, कुणी अल नहदाला चौदाव्या. यांचं अंगण म्हणजे एसीचा डबा ठेवायची गॅलरी आणि तिथे वाळत घातलेले पायजमे.

खरं अंगण होतं आमच्याकडे. शारजातल्या एका जुन्या, बसक्या व्हिलाचा मागचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता, कारण टॉवरच्या किचनमध्ये दीडशे डबे होत नाहीत. मी आणि माझा नवरा प्रसन्न, आमचा पोळीभाजीच्या डब्यांचा आणि सणासुदीच्या ऑर्डरींचा धंदा. मागे दहा पावलांची मोकळी जागा, एक नळ, कपड्यांची दोरी, कुंपणाची जाळी आणि मी बी लावून वाढवलेलं कढीपत्त्याचं झाड. फुलझाड औषधालासुद्धा नाही. एवढंच आमचं वैभव.

त्या वैभवावर जगन्नाथ पाटणकरांची नजर पडली. हे मंडळाचे सेक्रेटरी. पाडव्याच्या तीनशे पानांची ऑर्डर कुणाला द्यायची ते यांच्या हातात. त्यामुळे मी त्यांना घालवून देऊ शकत नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात पाटणकर. अंगात सोळा खिशांचं जॅकेट, डोक्याला माकडटोपी. थंडी किती? अठरा डिग्री! गळ्यात तोफ वाटावी अशी लेन्स.

“साडेचार हजार दिरहम, वहिनी. म्हणजे आपले साठ हजारच्या आसपास.”

“बाई गं! आणि काढणार काय?”

“पक्षी! विंटर व्हिजिटर्स! युरोपातून येतात आपल्याकडे.”

आपल्याकडे म्हणे. व्हिसा दर तीन वर्षांनी रिन्यू करायचा आणि गप्पा अशा, जणू सात पिढ्या इथेच नांदल्या.

मग सुरू झाला दर शुक्रवारचा जाच. पाटणकर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचे आणि अंगावर माझीच हिरवी चादर ओढून घ्यायचे. पक्ष्यांना कळू नये म्हणून! शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी यांच्या बुटापाशी येऊन यांच्याकडे बघून जायचा, आणि हे लेन्सची झाकणी शोधत बसायचे. बुलबुल जाळीवर बसला की चादरीतून आवाज यायचा, “यल्ला, यल्ला, चल, जरा डावीकडे!” बुलबुल उडून जायचा. दोरीवर कपडे घालायची मला बंदी, बॅकग्राउंड खराब होतं म्हणून. बॅकग्राउंड त्यांचं आणि ओले टॉवेल माझे. वर आठ वाजता उपमा, नऊला चहा, आणि “वहिनी, लिंबू आहे का हो?”

“अजून थोडे दिवस,” प्रसन्न म्हणायचा. “ऑर्डर फायनल होऊ दे.”

फेब्रुवारी उजाडला तरी ऑर्डर फायनल होईना. दुबईतल्या करामाच्या एका हॉटेलवाल्याने म्हणे स्वस्तातलं कोटेशन दिलं होतं.

आता आभाचं सांगते. आभा माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. शाळेतून आली की सगळं इंग्लिश. ‘आभा, दूध पी’ म्हटलं की ‘आय डोन्ट वॉन्ट’. पण त्या फेब्रुवारीत एका दुपारी ती धावत आली आणि माझ्या कानात चक्क मराठीत म्हणाली, “आई, कुणाला सांगू नकोस. कढीपत्त्यात घरटं आहे.”

शिंजिराचं घरटं. अंगठ्याएवढा पक्षी, बाकदार चोच. पानांच्या गर्दीत एक पिशवी लोंबत होती. कोळ्याची जाळी, गवत आणि माझ्या देवातल्या वातींचा कापूस ओढून त्या एवढ्याशा मादीने ती विणली होती. एका बाजूला गोल दार. आरसा धरून आभाने आत बघितलं. दोन अंडी.

आभाने वही केली. वहीवर मराठीत लिहिलं, ‘शिंजिरिण’. वेलांटी चुकली होती, पण मी ती तशीच राहू दिली. रोज संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसायचो आणि ती मला मराठीत सांगायची, आज ती किती वेळा बाहेर गेली, कधी परत आली. पिल्लं कधी निघणार याचे दिवस ती मोजत होती. इतक्या वर्षांत माझ्या लेकीशी मी इतकं मराठी कधी बोलले नव्हते. जीव हरखून जायचा माझा.

पुढच्या शुक्रवारी आभा चित्रकलेच्या क्लासला गेली होती. पाटणकर चादर घडी करत म्हणाले, “वहिनी, काही दम नाही हो तुमच्या अंगणात. आणि ते ऑर्डरचं... कमिटीचा कल करामाकडे दिसतोय.”

मी पोळपाटावरून उठले. पिठाच्या हातानेच म्हटलं, “भावजी, घरट्याचा फोटो हवाय?”

कुणी विचारलं नव्हतं मला. मी माझ्या तोंडाने सांगितलं.

पाटणकर हरखले. स्टूल सरकवलं, लेन्स लावली, कपाळाला आठ्या. “पानं मध्ये येतायत. दोनचार काड्या काढाव्या लागतील. कात्री आहे?”

“भावजी, तेवढा आडोसा आहे हो तिला.”

“अहो, दोन काड्या! निसर्गाला काय फरक पडतो? बाय द वे, श्रीखंड किती किलो धरायचं, ते आजच लिहून टाकू.”

लाल मुठीची कात्री ओट्यावरच होती. एक मूठ तुटली म्हणून प्रसन्नने तिला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती मी आणून त्यांच्या हातात दिली.

दोन काड्या म्हणता म्हणता झाडाची ती बाजू भादरून ठेवली या गृहस्थाने. घरटं उघडंबोडकं लोंबायला लागलं. मादी दोरीवर बसून चिवचिवाट करत होती; ती एकदाची आत शिरली तसे हे खटाखट रोल संपवायला लागले. जाताना म्हणाले, “खलास! ऑर्डर तुमचीच.”

त्याच दुपारी कावळा आला. मी खिडकीतून बघितलं आणि हाड हाड करत धावले, पण पोचेपर्यंत पिशवी फाटून खाली पडली होती. वातीचा कापूस वाऱ्याने नळापर्यंत गेला. मी सगळं केराच्या पिशवीत भरलं, छाटलेल्या डहाळ्याही भरल्या.

आभा आली. मी सांगितलं, “कावळ्याने नेलं गं.”

“आणि पानं?”

“डब्यांना लागली. मीच काढली.”

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्या कुशीत शिरून रडली. दोष कावळ्याचा होता, तोवर मी तिची आई होते.

पाडव्याला हॉल गच्च भरला. कॅलेंडरच्या चैत्राच्या पानावर पहिल्या बक्षिसाचा फोटो: घरटं, दारातून डोकावणारी चोच, खाली ‘माझ्या अंगणातली माहेरवाशीण – जगन्नाथ पाटणकर’. स्टेजवर पाटणकर सांगत होते, “तासन् तास बसलो. निसर्गाला जराही धक्का लावला नाही. आणि बघा, मागे कोपऱ्यात धूसर लाल दिसतंय ना? जास्वंद उमललीय!” टाळ्या.

मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन उभी होते. आभा शेजारी कॅलेंडर डोळ्यांजवळ धरून बघत होती. बराच वेळ बघत होती.

“आई,” ती मराठीत म्हणाली, “आपल्याकडे जास्वंद कुठेय?”

मी वाढायला वाकले.

“ही आपली कात्री आहे. जाळीला अडकवलीय. काळी पट्टी दिसतेय बघ.” मग हळूच, “तू दिलीस काकांना?”

तीनशे माणसं पुरीची वाट बघत होती. पाटणकर स्टेजवरून हात करत होते, वहिनी, इकडे श्रीखंड येऊ द्या. मी आभाला म्हटलं, “हो.”

कॅलेंडरची नीट गुंडाळी करून तिने ते खुर्चीवर ठेवलं.

सगळ्यांचं आटपल्यावर मी तिचं पान वाढलं. जरा जास्तच श्रीखंड घातलं, वर चारोळ्या. म्हटलं, “आभा, ये, जेवून घे बाळा.”

“नो, थँक यू,” ती म्हणाली. परक्या बाईला म्हणावं तसं, अगदी शहाण्यासारखं.