चक्रवाकांचे उत्तरप्रयाण

पक्षीनिरीक्षण ही तपश्चर्या आहे, असे अप्पासाहेब पेठे नेहमी म्हणत. ही तपश्चर्या ते तुंगार्लीच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, आरामखुर्चीत, पायांवर शाल घेऊन करीत. इंद्रियनिग्रह एवढाच की साडेसातपर्यंत दुसरा चहा मागायचा नाही.

अप्पासाहेबांनी पुण्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षे संस्कृत शिकवले. एवढ्या काळात त्यांचे नाव छापून आले ते फक्त वेळापत्रकात. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागलेली होती. पेन्शन घेतल्यावर त्यांनी पुस्तक लिहिण्याचा विचार केला, पण त्यासाठी आधी पुष्कळ वाचावे लागते असे दिसून आल्यामुळे ते पक्ष्यांकडे वळले.

छत्तीस साली फाल्गुनात बंगल्यासमोरच्या रेल्वेच्या तलावावर, पलीकडच्या उथळ काठाला, बारा चक्रवाक उतरले. नारिंगी रंगाची, बदकाच्या जातीची ही पाखरे हिवाळा सरला की हिमालय ओलांडून उत्तरेला जातात. धुळवडीनंतर चौथ्या दिवशी अप्पासाहेबांनी दुर्बिणीतून पाहिले तर अकरा. पाचव्या दिवशी दहा. सहाव्या दिवशी नऊ.

"थवा एकदम उठत नाही, पाहा," ते मला म्हणाले. मी त्यांच्याकडे हवापालटासाठी उतरलो होतो, आणि नऊच्या आत उठत नसल्यामुळे माझ्यापाशी विरुद्ध पुरावा नव्हता. "रोज एक जातो. सव्वासाताच्या सुमारास. आपले कवी म्हणतात, चक्रवाकाच्या जोडप्याची ताटातूट रात्री होते. साफ चूक! ती सकाळी होते."

"जाताना पाहिलात?"

"उड्डाण इतके वेगवान असते की दृष्टीस पडत नाही," अप्पासाहेब म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी टिपणवहीत लिहूनही ठेवले.

बंगल्याचा माळी भिमाजी शेजारी उभा होता. त्याला त्यांनी विचारले, "काय रे भिमाजी, गेलेला पक्षी कुठल्या दिशेला जातो?"

भिमाजीने गंभीरपणे उत्तरेच्या डोंगराकडे बोट दाखवले. तेही वहीत गेले.

मग मुंबईच्या एका निसर्ग-मंडळाला पत्र गेले. मंडळाचे चिटणीस तेव्हा जवळच खंडाळ्याला आलेले होते. त्यांचे उत्तर आले: गोष्ट नवीन आहे, स्वतः पाहीन, खरी ठरल्यास आपल्या नावाने छापू. 'आपल्या नावाने' या शब्दांखाली अप्पासाहेबांनी तांबड्या शाईने रेघ मारली. त्या दिवशी जेवणात श्रीखंड होते.

चिटणीस आले त्या सकाळी तलावावर एकच चक्रवाक उरला होता. तिथी अमावास्या. माझी झोप विज्ञानासाठी सव्वासहाला मोडण्यात आली. आम्ही तिघे खुर्च्या मांडून बसलो. सव्वासात वाजायला आले तसे अप्पासाहेबांनी एकाएकी दुर्बीण खाली ठेवली, डोळे घट्ट मिटले आणि "गोविंद, गोविंद" सुरू केले.

"काय झाले?" चिटणीसांनी विचारले.

"मडके आले. या काठचे लोक अस्थी तलावात सोडतात. होळीपासून रोज सकाळी येते. मी पाहत नाही. पुढे वाहून गेले की सांगा."

चिटणीसांना मडक्याचे सोयरसुतक नव्हते आणि मी नास्तिक. आम्ही दोघांनी दुर्बिणी लावल्या.

"मडके वाऱ्याच्या उलट चालले आहे," चिटणीस म्हणाले.

"गोविंद, गोविंद."

"आणि पालथे आहे. त्याला भोके आहेत. दोन."

मडके सावकाश चक्रवाकापाशी आले. पाखराने त्याच्याकडे जुन्या शेजाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले आणि चोचीने पंख साफ करू लागले. मग पाखरू नव्हते. आवाज नाही, फडफड नाही. पाण्यावर एक वर्तुळ.

"गेला?" अप्पासाहेबांनी डोळे मिटूनच विचारले.

"गेला," चिटणीस म्हणाले.

"उत्तरेला?"

"खाली."

एवढ्यात मडके उभे राहिले. त्याच्याखाली उघडाबंब माणूस होता, आणि त्याच्या हातात तंगडीला धरलेला चक्रवाक. डोंगराच्या वाडीवरचा कोंडू ठाकर. भिमाजीने हाक मारल्यावर तो मडके काखेत मारून निवांत बंगल्यावर आला.

"हे मडके कुणाचे?" अप्पासाहेबांनी आता डोळे उघडले होते.

"आमचंच की. बायकूचं पान्याचं व्हतं, गळाय लागलं."

"अस्थींचे नव्हे?"

"कुनाच्या अस्थी? हितं कोन मेलंय?" कोंडूने भिमाजीकडे पाहिले. "आधी तीन दिस रिकामंच सोडायचं, सायेब. पाखराला तेची सवय व्हती. मंग डोक्यावर घालून जायाचं आन् पाय वढायचा. माजा आजा बी असाच धरायचा."

"अन् मी समोर रोज बसलेलो असतो, त्याची भीती नाही वाटली?"

"पयल्या दिशी वाटली. मंग भिमाजीभाऊ बोलला, मालक मडकं दिसलं की डोळं झाकत्यात. म्हनून तर येळ बदलली न्हाई."

अप्पासाहेब माळ्याकडे वळले. "भिमाजी! मला सांगितले का नाहीस?"

"तुमी इचारलं, कुटं जातंय. म्या दावलं. त्या डोंगरावरच ह्याची वाडी हाय. दर पाखरामागं मला येक तंगडी द्यायचा. खोटं कशाला बोलू?"

"अरे, ब्राह्मणी बदक म्हणतात त्याला!"

"व्हय," कोंडू म्हणाला, "पर बामन खात न्हाईत."

चिटणीसांनी वही मागून घेतली आणि कोंडूला विचारले, "एकूण किती धरलेस?"

"ह्यो बारावा."

"तुमच्या नोंदी अगदी बिनचूक आहेत," चिटणीस अप्पासाहेबांना म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटले, म्हणून जास्त वाईट वाटले. मग ते कोंडूशेजारी पायरीवर बसले आणि तासभर त्याला प्रश्न विचारत राहिले. दुसरा चहा आला तो त्या दोघांना.

श्रावणात मंडळाचा अंक आला. अप्पासाहेबांनी तो उभ्या उभ्याच फोडला. शेवटून दुसऱ्या पानावर 'मडक्याच्या साहाय्याने बदके धरण्याची रीत' असे टिपण होते. खाली छापले होते: माहिती, कोंडू, तुंगार्ली. तारखा, एक स्थानिक गृहस्थ.

टिपणाचे शेवटचे वाक्य असे होते: या पक्ष्याचे मांस चामट असून शिजण्यास सुमारे तीन तास लागतात.