गोविंदरावांचा जोडफोटो

ऑकलंडच्या विमानतळावर मंदाकिनीबाईंचं लोणचं सुटलं. अडकली ती लाकडी दुर्बीण. लाकूड दिसलं की तिथले अधिकारी कीड शोधतात. एकाने ती उलटीपालटी केली, शेवटी डोळ्यांना लावली. आत वेरूळचं कैलास लेणं होतं, समोर हत्ती उभा. त्याने लगेच आपल्या जोडीदाराला हाक मारली.

"मागे रांग खोळंबलेली, आणि हे दोघे आळीपाळीने हत्ती बघतायत!" वेलिंग्टनला लेकीच्या घरी पोचल्यावर मंदाकिनीबाई सांगत होत्या. "मी म्हटलं, बघा हो, फुकट आहे."

दुर्बीण त्यांच्या यजमानांनी, गोविंदरावांनी घडवलेली. पन्नासच्या दशकात त्यांनी पुण्यात दोन कॅमेरे कापून एक केला, एकाच दृश्याची जोडचित्रं काढली, आणि ती बघायला 'त्रिनयन' नावाची दुर्बीण बाजारात आणली. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला दुसरं. दोन्ही मिळून दगडाला जाडी येई. पहिल्या खेपेला भिंगं जरा लांब बसली आणि गिऱ्हाइकांची डोकी दुखू लागली. गोविंदरावांनी सगळा माल परत घेतला आणि नव्या दुर्बिणीबरोबर प्रत्येकाला डोकेदुखीच्या गोळ्या पाठवल्या. चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवायला घरी मंदाकिनीबाई होत्याच. पुढे टीव्ही आला आणि दुकान मिटलं. गोविंदरावांचं तोंड मात्र मिटलं नाही.

ते मिटलं गेल्या वर्षी, २००६च्या जूनमध्ये. लेक मृणालिनी पुण्याला जाऊन दिवसकार्य करून आली आणि सोमवारी ऑफिसात हजर झाली. त्यानंतर तिने वडिलांचा एकही फोटो उघडला नव्हता.

रविवारी सकाळी टेबलावर जोडचित्रं पसरली होती. मृणालिनीच्या मुलीने, सिद्धीने, सगळी पाहिली. "आजी, आजोबा कुठेत? ही इज इन नन ऑफ देम."

"ते कसे असतील गं? ते काढणारे."

मृणालिनीचा हात थांबला. हत्तीला जाडी होती, देवळांना होती, बाबांना नव्हती. पुण्याच्या भिंतीवर होते ते सपाट, हाराखाली.

मग तिला केबल कारच्या वरच्या टोकाचा, मागे समुद्र असलेला फोटो आठवला. बाबा इथे आले होते तेव्हाचा. एका वाटसरूने सगळ्यांचा काढला होता. तिच्या नवऱ्याने, हरीशने, डोळे मिटले म्हणून त्या वाटसरूने, आपल्या डोळ्यांवर ऊन येतंय म्हणत किंचित बाजूला सरकून, पुन्हा काढला. म्हणजे दोन होते, दोन डोळ्यांना दोन!

हरीश जाऊन दोन्हींच्या प्रती काढून घेऊन आला. "माझ्या मिटलेल्या डोळ्यांचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. मंदाकिनीबाईंनी मैद्याची खळ शिजवली. मृणालिनीने घाईघाईने फोटो कापून पुठ्ठ्यावर बसवले.

सिद्धीने आधी पाहिलं. "आजोबा इज बिहाइंड द सी!"

"उलटे लावलेस, मृणाल," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "डावा उजवीकडे. माणसाचा खड्डा झाला बघ. काढ, ओले आहेत तोवर."

फोटोंची अदलाबदल झाली. मृणालिनीने दुर्बीण डोळ्यांना लावली. हरीशचे डोळे धड उघडे ना धड मिटलेले. सिद्धी पळत होती, तिच्या दोन धूसर सिद्ध्या झालेल्या. मृणालिनी स्वतः हलली होती, आईही हलली होती. हलले नव्हते एकटे गोविंदराव. फोटो काढताना श्वास रोखायचा, ही त्यांची जन्माची सवय. त्या सगळ्या धुक्यातून ते ठसठशीत पुढे आले होते. खिशातलं पेन पुढे उठून आलेलं, पाठ आणि कठडा यांच्यामध्ये हात घालता येईल एवढी हवा.

तिने दुर्बीण आईच्या हातात दिली.

मंदाकिनीबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई! पोट आत घ्या म्हणून मी कोपराने ढोसत होते, ऐकलं का त्यांनी? मी हलले, आणि पोट बघ, सगळ्यांच्या पुढे!"

मृणालिनीला असं हसू फुटलं की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"आजी, माय टर्न!"

"आई, आधी मला. पुरतं पाहिलंसुद्धा नाही मी."

मंदाकिनीबाईंनी दुर्बीण आणखी घट्ट धरली. "थांबा गं जरा. आत्ता तर आलेत."